४२९ कोटींनंतर शून्य: नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामांचा थोडा इतिहास

दोन महिन्यांपूर्वी माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण जवळजवळ संपलं होतं. निष्कर्ष छान होता: आमच्या विभागाच्या इंटरनेट लिंकवर सकाळी अकरा ते दुपारी चार, म्हणजे सगळे लॅबमध्ये असतात तेव्हा, वाहतूक कमी होते आणि रात्री वाढते. त्याचं कारणही मी लिहून टाकलं होतं. (कारण सुचायला आपल्याला कधीच वेळ लागत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.) सरांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "हा आकडा मोजतं कोण?"

एक डीमन मोजतो, मी म्हटलं. सीनियरने लिहिलेला, आता माझ्याकडे आलेला. त्याच्या पोटात काय चालतं ते मी कधी नीट वाचलंच नव्हतं. पुढचे तीन आठवडे तेच केलं, आणि ते वाचताना जो इतिहास हाती लागला तो या लेखात आहे. तुम्ही पेट किंवा नेट देऊन संशोधनाकडे येत असाल, तर असा एखादा वारशाने आलेला प्रोग्राम तुमच्याही वाट्याला येणार आहे.

आधी शब्द. डीमन म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा, कुणी बटण न दाबता आपलं काम करत राहणारा प्रोग्राम. १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी हे नाव रूढ केलं. फर्नांडो कोर्बाटो यांनी सांगितलंय की ते मॅक्सवेलच्या दैत्यावरून घेतलं. भौतिकशास्त्रवाल्यांना तो ओळखीचा आहे: दाराशी बसून रेणू निवडत राहणारा, कधीच न थकणारा.

आता जुहूला या. १९८६ मध्ये भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि यूएनडीपी यांच्या पैशातून अर्नेट सुरू झालं. आठ संस्था होत्या: पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूची एनसीएसटी, जिचे संचालक श्रीनिवासन रमाणी होते. सुरुवातीला फक्त ईमेल होती. १९९१ च्या जानेवारीत दिल्ली ते मुंबई पहिली भाड्याची लाइन पडली, ती सेकंदाला ९.६ किलोबिटची. १९९२ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला, यूयूनेटपर्यंत, ६४ किलोबिटचा दुवा जोडला गेला. देशभरच्या संशोधन संस्थांची परदेशी वाहतूक त्या एका दुव्यातून जायची. आज तुमच्या फोनवर एक फोटो यायला जेवढा वेग लागतो, त्याच्या मानाने हे काहीच नाही. सामान्य माणसाला व्हीएसएनएलने इंटरनेट दिलं ते यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ ला.

६४ हा आकडा लक्षात ठेवा. १९९४ मध्ये इंग्लंडात लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठातही बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच लाइन होती, तीही ६४ किलोबिटची. ती किती भरली आहे हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. तिथल्या टोबी ओटिकरने पर्लमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो ठरावीक वेळाने राउटरला आकडा विचारायचा आणि आलेख वेबपानावर टाकायचा. हाच एमआरटीजी. १९९५ मध्ये त्याने तो सगळ्यांना खुला केला. तो फार हळू चालायचा, म्हणून डेव्ह रँड नावाच्या वापरकर्त्याने त्यातला वेळखाऊ भाग सी भाषेत लिहून दिला आणि पुढे दुसरी आवृत्ती आली. हिरव्या भागावर निळी रेघ असलेले ते आलेख तुम्ही कुठल्यातरी सर्व्हर रूममध्ये नक्की पाहिले असतील. आमचा डीमन त्याच घराण्यातला.

मुद्दा असा की राउटर 'आत्ता वेग किती' हे सांगत नाही. तो एकूण किती बाइट गेले याचा चढता आकडा ठेवतो, आपण वजाबाकी करायची. घरातल्या जुन्या चकतीच्या वीजमीटरसारखं: या महिन्याचं रीडिंग वजा मागच्या महिन्याचं. आणि मीटर जसं ९९९९९ नंतर ००००० वर येतं, तसा हा आकडाही फिरतो. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एसएनएमपी हा नियमसंच आला, त्यात हा आकडा ३२ बिटांचा आहे. म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ नंतर पुन्हा शून्य.

गणित करून बघा. ९.६ किलोबिटची लाइन पूर्ण भरून वाहिली तरी आकडा फिरायला ४१ दिवस लागतात. जुहूच्या ६४ किलोबिटला सहा दिवस. १० मेगाबिटच्या इथरनेटला ५७ मिनिटं. दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला यात काहीच अडचण नव्हती: फार तर एकदा फिरेल, वजाबाकी ऋण येईल, त्यात ४२९ कोटी मिळवले की झालं. १०० मेगाबिटला मात्र पावणेसहा मिनिटं. आणि आमच्या १ गिगाबिटला? ३४ सेकंद.

म्हणजे पाच मिनिटांत आकडा आठ वेळा फिरू शकतो आणि आपल्याला एकदाही कळत नाही. हिशेब केला तर सीमा साधारण ११४ मेगाबिटवर येते. आमच्याकडे रात्री ६०-७० मेगाबिट वाहत होते, ते बरोबर मोजले जात होते. दुपारी समजा १३० झाले, तर डीमन त्यातून एक अख्खी फेरी गाळून १५ लिहायचा. जितकी गर्दी, तितका आलेख खाली. माझा छान निष्कर्ष तो हा!

यावरचा उपाय जुनाच आहे. १९९३ च्या एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत ६४ बिटांचा आकडा आला आणि १९९४ पासून वेगवान जोडण्यांसाठी तो ठेवायची सोय झाली. मला कोडमध्ये एका आकड्याचं नाव बदलायचं होतं, बस्स. आमचा डीमन २०१० नंतरचा आहे, पण त्यातला हा भाग कुठल्यातरी जुन्या स्क्रिप्टमधून जसाच्या तसा उचललेला होता.

दुसरी चूक मला जास्त शिकवून गेली. वजाबाकी ऋण येण्याची कारणं दोन: आकडा फिरला, किंवा यंत्र बंद होऊन चालू झालं आणि मोजणी शून्यापासून सुरू झाली. डीमन दोन्ही वेळा ४२९ कोटी मिळवायचा. त्यामुळे वीज जाऊन आली की आलेखात आकाशाला टेकणारा सुळका. मग कुणीतरी दुरुस्ती केली होती: अशक्य मोठा आकडा आला तर शून्य लिहा. आलेख सुंदर झाला, पण 'माहीत नाही' च्या जागी 'काहीच वाहिलं नाही' असं नोंदलं गेलं. ओटिकरलाच हे पुढे नीट मांडावं लागलं. १९९९ च्या त्याच्या आरआरडीटूलमध्ये 'अज्ञात' ही वेगळी नोंद आहे, ती शून्य नव्हे. सरासरी काढताना या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

फिरणाऱ्या आकड्याने केलेला सगळ्यात मोठा घोटाळा मात्र यापेक्षा जुना आहे. २७ ऑक्टोबर १९८० ला अख्खं अर्पानेट काही तास बंद पडलं. तिथे प्रत्येक नोड आपल्या जोडण्यांची स्थिती सगळ्यांना कळवायचा आणि संदेशावर ० ते ६३ मधला क्रमांक टाकायचा. ६३ नंतर पुन्हा ०, म्हणून 'नवा कोण' हे वर्तुळात ठरायचं. एका यंत्राच्या बिघडलेल्या मेमरीतून बिट गळाले आणि एकाच नोडचे तीन संदेश फिरू लागले: ४४, ४० आणि ८. नियमाप्रमाणे ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा, आणि ८ हा ४४ पेक्षा नवा. कागदावर करून बघा, खरंच तसं येतं. प्रत्येक नोडला येणारा प्रत्येक संदेश नवाच वाटत होता, तो पुढे पाठवला जात होता, आणि बाकी कामाला उसंतच उरली नाही. प्रकृती सांगणाऱ्या संदेशांनीच नेटवर्क आजारी पाडलं. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये याचा अहवाल लिहिला, तो आरएफसी ७८९ म्हणून आजही मोफत वाचता येतो. चुकीचा तपास कसा लिहावा यासाठी तरी वाचाच.

मी राहनाळला राहते. भिवंडीत वाढलेल्या माणसाला यंत्रमागाचा आवाज आला नाही तर झोप उडते. साध्या मागावर एक छोटा काटा असतो. धोट्यातला आडवा धागा शाबूत असेल तर तो काट्याला ढकलतो आणि माग चालू राहतो. धागा तुटला की काट्याला ढकलणारं कुणी नसतं, आणि माग आपोआप थांबतो. म्हणजे काटा 'तुटला' अशा बातमीची वाट बघत नाही, 'ठीक आहे' ही बातमी थांबण्याकडे त्याचं लक्ष असतं. आमच्या डीमनचं उलटं होतं: तो स्वतः मेला तर कुणाला कळायचंच नाही, आलेख शेवटच्या आकड्यावर सरळ रेघ ओढत राहायचा. आता तो दर पाच मिनिटांनी दुसऱ्या यंत्राला हजेरी देतो आणि हजेरी चुकली की मला मेसेज येतो.

अकरा महिन्यांचा जुना डेटा मी बाजूला ठेवला. गाळलेल्या फेऱ्या परत मिळवता येत नाहीत. रात्रीचे आकडे तरी वापरू या असं वाटलं होतं, पण ७० दिसतंय ते खरे ७० की १८४ वजा एक फेरी, हे त्या फाइलवरून सांगता येत नाही. सर काही बोलले नाहीत, फक्त सादरीकरणाची तारीख पुढे ढकलली.

रीस्टार्ट ओळखायला आता मी यंत्राचा अपटाइम बघते: तो मागच्या वेळेपेक्षा कमी झाला तर नोंद 'अज्ञात'. तोही ३२ बिटांचाच, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेला, त्यामुळे ४९७ दिवसांनी फिरतो. आमच्या मुख्य स्विचचा अपटाइम आज ४६३ दिवस आहे. कॅलेंडरवर खूण केली आहे. त्या दिवशी लॅबमध्ये बसून बघणार आहे, माझा डीमन त्याला रीस्टार्ट समजतो की नाही.