माग कुठल्या शिवेपर्यंत?

गावात चोरी झाली की रखवालदाराला हाक पडायची. वऱ्हाडात त्याला जागल्या म्हणत. तो पावलांचा माग धरून शिवारातून निघे आणि गावची शीव आली की थांबे. तिथं शेजारच्या गावचा रखवालदार यायचा, माग डोळ्यांनी पाहून ताब्यात घ्यायचा आणि आपल्या हद्दीतून पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदारांची ही रीत नोंदवलेली आहे. तिचा सगळ्यात कडक भाग शेवटचा. ज्या गावाला माग आपल्या हद्दीबाहेर गेल्याचं दाखवता येत नसे, त्या गावावर चोरीच्या भरपाईची जबाबदारी येई. मग चोर त्या गावचा असो वा नसो.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं संगणक विभाग आणि मेल सर्व्हर सांभाळते. कुणाला धमकीचा मेल येतो, कुणाला नोकरीचं खोटं नेमणूकपत्र, कुणाला प्राचार्यांच्या नावानं पैशांची मागणी. "मॅडम, हे कुठून आलं ते सांगा ना," म्हणत लोक माझ्या टेबलापाशी येतात. तेव्हा मी जे करते ते या जागल्याच्या कामापेक्षा फार वेगळं नाही. मी ते शिकले मात्र अकोल्याच्या रेल्वे स्टेशनावर, वडिलांकडून. ते आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होते.

मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा करत रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ती आली कापसासाठी, पण तिच्याबरोबर टपालाच्या थैल्याही धावू लागल्या. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं आणि ज्यांना पाकिटाचा खर्च जड जाई, त्यांचीही पत्रं या थैल्यांत पडू लागली. चालत्या गाडीच्या टपालडब्यात उभ्यानं पत्रं निवडायची, लाकडी खणांत टाकायची, पुढच्या स्टेशनाची थैली बांधून तयार ठेवायची, हे वडिलांच्या पिढीचं रात्रीचं काम. आर.एम.एस.च्या विभागांना इंग्रजी अक्षरं असत: नागपूरचा एफ, भुसावळचा एल. शिक्क्यावरचं अक्षर आणि तारीख पाहून पत्र पूर्वेकडून आलं की पश्चिमेकडून, हे वडील पत्ता न वाचता सांगत.

हा शिक्का मुळात पत्र लिहिणाऱ्यावर नजर ठेवायला जन्मलेला नाही. १६६१ साली इंग्लंडच्या टपालखात्याचे प्रमुख हेन्री बिशप यांनी पत्रांवर दिवस आणि महिन्याचा छोटा गोल शिक्का सुरू केला तो आपल्याच माणसांसाठी. पत्र वाटेत अडकवून ठेवणारा हरकाऱ्या पकडला जावा, एवढाच हेतू. पत्रात काय लिहिलंय, लिहिणारा खरा की खोटा, याच्याशी शिक्क्याचं देणंघेणं नव्हतं. तो फक्त सांगतो: हा कागद अमुक दिवशी माझ्या हातात होता. शिक्क्यावर विश्वास ठेवता येतो तो एवढ्याचमुळे. तो पत्राची बाजू घेत नाही.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, उरलेले तीन त्या टपाल कार्यालयाचे. आपल्याकडे ४४ म्हणजे विदर्भ आणि ४४४ म्हणजे अकोल्याचा गट. म्हणूनच महसूल विभागाचं ठाणं असूनही अमरावती ४४४६०१ आहे आणि अकोला ४४४००१. यवतमाळ ४४५ मध्ये गेलं, बुलडाणा ४४३ मध्ये. पुढे शिक्क्यांतही पिनकोड दिसू लागला आणि शिक्का वाचणं आणखी सोपं झालं.

माझ्या लहानपणी घरी साखळीपत्रं येत. पंधरा पैशांचं कार्ड, वर देवाचं नाव, खाली मजकूर: अशी अकरा किंवा एकवीस कार्डं लिहून पाठवा, पाठवणाऱ्याला धनलाभ झाला, फाडणाऱ्याचं पोर दगावलं. तिरुपतीच्या बालाजीच्या नावानं येत, संतोषीमातेच्या नावानं येत. 'जय संतोषी माँ' हा सिनेमा १९७५ चा, आणि त्या काळातल्या कुणालाही ती कार्डं आठवतील. आई घाबरायची. शेजारच्या काकूंनी तर मुलाच्या आजारपणात रात्रभर बसून कार्डं लिहिली होती. हातातलं पेन थांबलं तर पोराला काही होईल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिली आहे. त्यामुळे साखळीपत्राला गंमत म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. ती गरिबाच्या पैशावर आणि आईच्या काळजावर केलेली जबरदस्ती होती. अमेरिकेत १९३५ साली डेन्व्हर शहरात 'एक डाइम पाठवा' म्हणणाऱ्या साखळीपत्रांनी टपालघर भरून टाकलं होतं. तिथं लोभ होता, आपल्याकडे बहुतेक वेळा भय.

असंच एक कार्ड वडिलांनी माझ्या हातात दिलं. मजकूर सांगत होता की हे तिरुपतीच्या देवळातून निघालंय. वडील म्हणाले, "पत्र काय म्हन्ते ते मंग पाह्यजो. पयले शिक्का पाह्य." शिक्का मूर्तिजापूरचा होता. तिरुपतीचा कुठंही नव्हता. मी विचारलं, मग हे मूर्तिजापूरच्या कुणी सुरू केलं का? ते म्हणाले, तेही सांगता येत नाही. हे कार्ड तिथल्या पेटीत पडलं, एवढंच खरं. त्या माणसाला ते कुणी पाठवलं, हे त्याच्या घरी आलेल्या कार्डाचा शिक्का सांगेल, त्याच्या आधीचं त्याच्या आधीचा. मूळ गाठायचं तर एकेक पायरी मागं जावं लागेल, आणि मधलं एक कार्ड जरी कुणी चुलीत टाकलं असेल तर माग तिथंच संपला.

ई-मेलची रचना ज्यांनी केली, त्यांनाही हा त्रास फार लवकर दिसला होता. जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्येच नको असलेल्या टपालावर एक टिपण लिहिलं. नको त्या यंत्राकडून येणारे संदेश नाकारण्याची सोयच जाळ्यात नाही, ही त्यांची तक्रार. मे १९७८ मध्ये गॅरी थुअर्क या विक्री-अधिकाऱ्यानं डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. आज तिला पहिलं स्पॅम म्हणतात. ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच मेल पोचवण्याची जी पद्धत लिहून काढली, तिच्यावरच आजही जगाचं ई-मेल चालतं. तिच्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासण्याची सोय नव्हती. 'प्रेषक' या जागी कुणीही काहीही लिहावं. पण एक नियम त्यांनी घातला: मेल ज्या ज्या सर्व्हरच्या हातून जाईल, त्यानं आपली एक ओळ माथ्यावर चिकटवायची. कुणाकडून मिळालं, कुणी घेतलं, केव्हा. हीच ती 'रिसीव्ह्ड' ओळ. मेल वाटेत कुठं अडकला, कुठं गोल फिरत राहिला, ते कळावं म्हणून. बिशप यांच्या शिक्क्यासारखीच ही ओळसुद्धा वाहणाऱ्यांचा हिशेब ठेवायला निघाली आणि पुढे भामट्यांच्या मागावर कामी आली.

वाचायची कशी, ते सांगते, कारण बहुतेक जण उलटं वाचतात. प्रत्येक नवी ओळ वर चढते, म्हणून सर्वांत वरची ओळ आपल्या स्वतःच्या सर्व्हरची आणि खालच्या आधीच्या हातांच्या. लोक थेट तळाची ओळ पकडतात आणि 'मूळ सापडलं' म्हणतात. तळाच्या ओळी भामटा स्वतः लिहून पाठवू शकतो. म्हणून वरून सुरुवात करायची, जिथं शिक्का आपल्याच माणसानं मारलेला आहे तिथून. त्या ओळीत दोन गोष्टी असतात. एक, समोरच्या यंत्रानं स्वतःचं सांगितलेलं नाव. दुसरी, कंसात, ते यंत्र प्रत्यक्षात ज्या आयपी क्रमांकावरून बोललं तो क्रमांक, आपल्या सर्व्हरनं स्वतः पाहून लिहिलेला. नाव खोटं असू शकतं, तो क्रमांक खोटा पाडणं फार अवघड. मग एकेक ओळ खाली उतरायचं. वरच्या ओळीनं ज्याच्याकडून घेतलं म्हटलंय, खालची ओळ त्याचीच आहे का? वेळा जुळतात का? भारतातल्या यंत्राच्या वेळेपुढे +०५३० असतं. पाठवण्याच्या बराच आधी पोचलेला मेल दिसला, तर ओळ बनावट असू शकते. जिथं सांधा जुळत नाही, तिथं थांबायचं. त्याखालचं सगळं पत्रातल्या मजकुराच्या लायकीचं.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही आधी महानगरांत. अमरावतीत ते रुजलं तोवर स्पॅमचा पूर आलेला होता. त्या काळात जगभरचे अनेक मेल सर्व्हर उघडे असत: कुणाचाही मेल घेत आणि कुणालाही पोचवत. शेजारधर्म म्हणून सुरू झालेली ही रीत भामट्यांनी ओरबाडून घेतली. तेव्हा आमच्याकडे परदेशी बँकेच्या नावानं मेलांचा लोंढा सुरू झाला. तळाच्या ओळी युरोपातल्या शहरांची नावं सांगत होत्या. वरून उतरत गेले तर दुसऱ्याच ओळीला सांधा तुटला. त्या ओळीतला आयपी क्रमांक आशिया-पॅसिफिकच्या आयपी क्रमांकांच्या नोंदवहीत पाहिला आणि निघाला आमच्याच महसूल विभागातल्या एका शिक्षणसंस्थेचा. चोर त्यांच्यात कुणी नव्हता. त्यांचा सर्व्हर उघडा होता, इतकंच. पण त्या एका उघड्या दारामुळे त्यांच्या खऱ्याखुऱ्या प्राध्यापकांची पत्रंही जगभरातून नाकारली जात होती, कारण त्यांचा क्रमांक काळ्या यादीत गेला होता.

पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये अशी यादी सुरू केली, वर्षभरात तशाच याद्या ठेवणारं स्पॅमहाउस आलं. या याद्यांचा नियम एल्फिन्स्टनच्या अहवालातलाच आहे: माग ज्याच्या हद्दीत थांबला, भरपाई त्याची. निरपराधांना त्याची झळ बसते, हे मी पाहिलंय, तरी मला हा नियम योग्य वाटतो. मूळ चोर दुसऱ्या खंडात असतो, त्याचं नाव कधीच कळत नाही. दार मात्र आपल्या गावातलं असतं आणि ते लावणं आपल्याला जमतं. त्या संस्थेनं ते लावलं आणि लोंढा थांबला.

पुढे माग अवघड होत गेला. हॉटमेल पूर्वी 'एक्स-ओरिजिनेटिंग-आयपी' अशी ओळ घालून पाठवणाऱ्याच्या यंत्राचा क्रमांक उघड करत असे. जीमेलच्या पानावरून पाठवलेल्या मेलात तो दिसत नाही. माग गुगलच्या दारापर्यंत जातो आणि पुढे फक्त पोलिसांना विचारता येतं. मोबाइलवर एकच आयपी क्रमांक एकाच वेळी असंख्य ग्राहक वापरतात, म्हणून सेकंदापर्यंतची वेळ लागते. दुसरीकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आल्या. प्रेषकाचं डोमेन खरंच त्याचं आहे का, हे आता सर्व्हर स्वतः पाहतात. १९८२ ची उणीव भरायला पंचवीस-तीस वर्षं लागली.

कायद्याची गोष्ट मला सलते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून लागू झालेल्या कलम ६६अ मध्ये, संदेश कुठून आला याबद्दल दिशाभूल करणं हा गुन्हा होता. पण त्याच कलमात 'त्रासदायक', 'आक्षेपार्ह' असे सैल शब्द होते आणि त्यांच्या जोरावर लोकांना मतांसाठी अटका झाल्या. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते अख्खं कलम रद्द केलं. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याबरोबर तो एक चांगला उपभागही गेला आणि त्याच्या जागी नेमकं काही आलं नाही. ई-मेल स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे आजही नाही.

एसएमएसच्या बाबतीत ट्राय या दूरसंचार नियामकानं बरं काम केलंय. संदेशाच्या माथ्यावर येणाऱ्या सांकेतिक नावातलं पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं, दुसरं दूरसंचार मंडळाचं, आणि २०२५ पासून शेवटी एक अक्षर: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकार. अनुदान थांबल्याचा संदेश दहा आकडी नंबरावरून आला, तर तो सरकारचा नाही. एवढं घरातल्या शेतकरी माणसाला आज संध्याकाळीच सांगा.

आणि मेलबाबत एक विनंती. फसवणुकीचा मेल आला की लोक मोबाइलवर त्याचा स्क्रीनशॉट काढतात, मूळ मेल पुसून टाकतात आणि मग तक्रारीला येतात. स्क्रीनशॉटमध्ये शिक्के नसतात. नुसता फॉरवर्ड केला तरी ते निघून जातात. मूळ मेल ठेवा, जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडून ती फाइल उतरवून घ्या आणि तीच पोलिसांना द्या. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. उशीर करू नका. सर्टइन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे सेवा देणाऱ्यांवर आपल्या नोंदी सांभाळण्याचं बंधन आहे ते फक्त १८० दिवसांचं.