हेस्टॅक रडार

पृथ्वीभोवती फिरणारा बारीक अवकाश-कचरा टिपणारे अमेरिकेतील रडार. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनच्या वायव्येस ते उभे असून एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा ते चालवते. नासासाठी कचऱ्याची मोजणी येथे १९९० पासून होते.

साधारण १० सेंमी.पेक्षा मोठ्या तुकड्यांची कक्षा नोंदलेली असते, त्यामुळे ते चुकवता येतात. १ सेंमी.हून लहान कण आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाची कवचे बहुधा झेलतात. खरी धास्ती मधल्या आकारांची आहे : ते कवच भेदतात आणि नोंदवहीत सापडत नाहीत.

असे कण दिसणे अवघड का, हे प्रतिध्वनीच्या गणितातून कळते. वस्तूचे अंतर दुप्पट झाले की परतणारी ऊर्जा सोळापटींनी घटते. कण तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असेल, तर त्याचा व्यास निम्मा होताच ती चौसष्टपटींनी घटते. म्हणून हेस्टॅकला सुमारे ३७ मी. व्यासाची तबकडी आणि ३ सेंमी. तरंगलांबी लागते. एवढ्या तयारीनिशी १,००० किमी. उंचीवरचा जेमतेम ५ मिमी.चा कण दिसतो. शलाका मात्र तेथे सुमारे १ किमी.च रुंद असते. तेवढ्या फटीतून आकाश धुंडाळणे व्यर्थ. तबकडी एकाच दिशेला रोखून ठेवतात आणि शलाकेतून क्षणार्धात निसटणारा प्रत्येक कण मोजतात. त्याची नेमकी कक्षा ठरवण्याइतका अवधीच मिळत नाही. हाती येते ती शिरगणती, आणि तिच्यावर आधारलेल्या प्रतिमानांवरून यानांच्या कवचांची आखणी होते.

सर्वांत मोलाचा शोध या शिरगणतीतूनच लागला. ९०० ते १,००० किमी. उंचीवर, विषुववृत्ताशी सुमारे ६५ अंशांनी कललेल्या कक्षांत कणांची अनपेक्षित दाटी आढळली. गोलावरून परतताना वर्तुळ-ध्रुवित लहरीच्या फिरण्याची दिशा उलटते; वेड्यावाकड्या तुकड्यावरून दोन्ही दिशांचे ध्रुवण मिसळून येते. येथे प्रतिध्वनी जवळजवळ एकाच ध्रुवणात येत होते, म्हणजे कण गोल होते. स्फोटातून वा टकरीतून असे गोल तुकडे निघत नाहीत. ते निघाले सोडियम-पोटॅशियमच्या संमिश्राचे थेंब. सागरी टेहळणीच्या सोव्हिएत उपग्रहांनी १९८० च्या दशकात कामगिरी संपल्यावर वरच्या कक्षेत अणुभट्ट्यांचे गाभे बाहेर टाकले, तेव्हा त्यांतील शीतक द्रव गळाला होता.

कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथील ७० मी. तबकडी याहून बारीक, सुमारे ३ मिमी.चे कण टिपते. पण ती मुख्यतः दूरच्या यानांशी संपर्कासाठी असल्याने कचऱ्याच्या वाट्याला तिचे थोडेच तास येतात.