परमाणूंचा बंध : वसुबंधूंचा प्रश्न आणि रसायनशास्त्राचे उत्तर

आधुनिक विज्ञानाने जे आज शोधले ते बौद्ध आचार्यांनी पूर्वीच सांगून ठेवले होते, असे विधान आपल्या व्याख्यानांतून पुष्कळदा केले जाते. ते ऐकून ऊर भरून येतो. परंतु अभिमान हा पुरावा नव्हे. म्हणून परमाणू एकमेकांशी कसे जोडले जातात, या एकाच प्रश्नापुरते हे विधान आम्ही येथे तपासून पाहणार आहोत.

प्राचीन भारतात परमाणूचा विचार वैशेषिकांनी केला, तसा बौद्धांतील सर्वास्तिवादी आचार्यांनीही केला. वैशेषिकांच्या मते दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक बनते. परंतु सृष्टीच्या आरंभी परमाणूंना गती कोण देतो, या प्रश्नापाशी त्यांनी अदृष्टाचा आणि पुढे प्रशस्तपादांनी महेश्वराच्या इच्छेचा आधार घेतला. बौद्ध आचार्यांनी असा कर्ता मानला नाही. हेतू आणि प्रत्यय यांखेरीज जगाच्या घडणीला दुसरे कारण त्यांना मान्य नव्हते.

चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात या विषयाची सविस्तर चर्चा आहे. तेथे महाभूतांची ओळख त्यांच्या कार्यावरून पटविली आहे. पृथ्वीचे कार्य धारण, जलाचे संग्रह म्हणजे एकत्र बांधून ठेवणे, अग्नीचे परिपाक आणि वायूचे प्रसरण. दगडाचे कण विखरून जात नाहीत, त्याअर्थी दगडातही जलधातू आहे, असे अनुमान तेथे केले आहे. पाली अभिधम्मातही आपोधातूचे लक्षण बंधन हेच सांगितले आहे.

यापुढचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. परमाणू परस्परांना स्पर्श करतात काय? सर्वांगाने स्पर्श करीत असतील तर ते एकमेकांत मिसळून एकच होतील. एका बाजूने करीत असतील तर त्यांना अवयव आहेत असे ठरेल, आणि अवयव असलेला परमाणू निरवयव कसा म्हणावा? म्हणून काश्मीरच्या वैभाषिकांनी परमाणू स्पर्श करीत नाहीत, वायुधातू त्यांना एकत्र धरून ठेवतो, असे उत्तर दिले. वसुबंधूंनी विंशतिकेत हीच शंका आणखी पुढे नेली. सहा दिशांनी सहा परमाणू येऊन जुळले तर मधल्या परमाणूला सहा भाग मानावे लागतील. सहाही एकाच जागी मानले तर सारा पिंड एका परमाणूएवढाच होईल. तर्काने येथवर येता येत होते. यापुढे जाण्यास प्रयोगाची साधने हवी होती आणि ती त्या काळी कोणापाशीच नव्हती.

ती साधने युरोपात निर्माण झाली. 1808 मध्ये डाल्टनने आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. 1852 मध्ये फ्रँकलंडने प्रत्येक मूलद्रव्याच्या संयोगशक्तीला मर्यादा असते हे दाखविले. तिलाच आपण संयुजा म्हणतो. 1897 मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि अणू अविभाज्य नाही हे उघड झाले. 1916 मध्ये जर्मनीत कोसेल आणि अमेरिकेत लुईस यांनी स्वतंत्रपणे बंधाचा उलगडा इलेक्ट्रॉनांच्या आधारे केला.

आपल्या ताटातील मीठ घ्या. सोडियमच्या बाह्यतम कक्षेत एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या कक्षेत सात. सोडियम आपला इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. दोघांवर विरुद्ध विद्युतप्रभार येतात आणि त्यांच्या आकर्षणातून आयनिक बंध निर्माण होतो. हायड्रोजनच्या दोन अणूंत असे देणेघेणे होत नाही. दोघेही आपापला एक इलेक्ट्रॉन सामाईक करतात. हा सहसंयुज बंध. तांब्यासारख्या धातूत बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे न राहता सर्वत्र संचार करतात, म्हणूनच तारेतून वीज वाहते. 1927 मध्ये हाइटलर आणि लंडन यांनी पुंजयामिकीच्या साहाय्याने सहसंयुज बंधाची मीमांसा केली. अणू जुळल्याने एकूण ऊर्जा घटते म्हणून ते जुळतात. फार जवळ आले तर परस्परांना दूर लोटतात. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणुकेंद्रे सुमारे 74 पिकोमीटर अंतरावर स्थिरावतात.

आता मूळ विधानाकडे वळू. पृथ्वी, जल, अग्नी, वायू ही मूलद्रव्ये नव्हेत. पाणी हे तर संयुग आहे. संग्रह करणारा जलधातू म्हणजे रासायनिक बंध नव्हे. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक आयनाभोवती सहा दिशांनी सहा विरुद्ध आयन असतात. पण त्यावरून वसुबंधूंना मिठाची रचना ठाऊक होती असे म्हणणे हा निव्वळ योगायोगाचा गैरवापर ठरेल. वेदांत विमाने शोधणाऱ्यांची आपण थट्टा करतो. तोच दोष पिटकांच्या नावाने आपण करू नये.

मग आचार्यांचे श्रेय कोणते? अणूला टणक, निरवयव गोळी मानले तर त्याच्या जुळण्याचा अर्थ लागत नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे ओळखले. अणूला घटक आहेत आणि त्याला कठीण पृष्ठभाग नाही, हे कळल्यावरच त्या पेचातून वाट निघाली. आणि उत्तर सापडत नसतानाही त्यांनी रिकाम्या जागी ईश्वराला आणून बसविले नाही. हे श्रेय लहान नव्हे.

जे बुद्धिसंगत आणि तर्कसंगत असेल तेच बुद्धाचे मानावे, ही कसोटी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात दिली. ती परंपरेच्या विरोधकांना लावावी आणि आपल्याला लावू नये, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. वसुबंधूंनी स्वतः ज्या वैभाषिकांचे मत मांडले त्यांचीच परीक्षा केली. आम्हाला त्यांचा वारसा सांगायचा असेल तर तो त्यांच्या उत्तरांचा नव्हे, त्या परीक्षेचा सांगावा लागेल.