प्लेगच्या जंतूचे गोत्र

१८९६ च्या सप्टेंबरात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पुढे पुण्यात काय घडले, ते वाचकांस सांगावयास नको. उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी बांधायची, एवढे शहाणपण आपल्या पणजोबांनी त्या साथीत कमावले. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, अलेक्झांडर यरसँ यांना हाँगकाँगमध्ये सापडला होता. त्याचे गोत्र पक्के कळावयास मात्र जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

त्याचा एक भाऊबंद १८८३ पासून ठाऊक होता. नाव लांबलचक, ‘स्यूडोट्युबरक्युलॉसिस’. कर्तृत्व त्या मानाने बेताचे. दूषित अन्नपाण्यातून हा पोटात शिरतो, ताप येतो, पोट दुखते, आणि माणूस बहुधा बरा होतो. दोघांचे साम्य जाणत्यांच्या नजरेत होतेच. १९८० साली दोघांचा डीएनए एकमेकांशी ताडून पाहिला, तेव्हा ते एकाच जातीचे ठरले! नियमाप्रमाणे प्लेगचा जंतू हा पोटदुखीच्या जंतूचा केवळ एक पोटभेद. परंतु नावाच्या घोटाळ्याने प्रयोगशाळेत कुणी गाफील राहिला तर? १९८५ साली जंतूंच्या नामकरणाचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ते नवे नाव फेटाळले. शास्त्राने व्यवहारापुढे मान तुकवली, आणि माझ्या मते योग्यच केले.

मग दोघांना वेगळे ओळखावे कसे? जंतूची जात ठरविण्यासाठी सहसा जे एक जनुक वाचतात, ते या दोघांत जवळजवळ अक्षरशः सारखे. म्हणून चार अक्षरांत लिहिलेली सबंध पोथीच वाचावी लागली. प्लेगच्या जंतूची २००१ साली, भाऊबंदाची २००४ साली. पहिलीत सुमारे ४६ लाख अक्षरे आहेत. खरी मेख निघाली ती जोडपानांत. प्लेगच्या जंतूजवळ डीएनएची दोन लहान वर्तुळे जादा आहेत आणि त्यांतल्या एकावरील जनुकाच्या बळावर तो पिसवेच्या पोटात तग धरतो. उलट, आतड्यात नांदण्यास लागणारी कित्येक जनुके त्याने निकामी होऊ दिली आहेत. नवे घर मिळाले, जुन्याची डागडुजी कोण करतो?

हे स्थलांतर केव्हा झाले, तेही मृतांच्या दातांनी सांगितले. २०१५ साली युरोप-आशियातील कांस्ययुगीन दातांतून या जंतूचा डीएनए वाचण्यात आला. त्यांतले सर्वांत जुने दात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे. त्या जुन्या जंतूंत पिसवेचे ते जनुक नव्हते. रशियातील समारा भागात सुमारे ३८०० वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांच्या दातांत मात्र ते २०१८ साली सापडले.