शब्द कुठे तोडायचा?

आजोबांच्या पेटीत वाटणीचे मोडी कागद होते. ते वाचून घ्यायला मी एका जाणकार गृहस्थांकडे जात असे. अक्षरे त्यांना भराभर लागत, अडत ते निराळ्याच ठिकाणी. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही. आमच्या कागदात होते, ‘शेते वाटणीस तीनआली’. आता ही शेते ‘तीन आली’ की ‘ती न आली’? हसू नका, प्रश्न जमिनीचा होता.

पुढे हौसेने चिनी शिकू लागलो, तेव्हा हाच घोळ पुन्हा समोर आला. चिनी छपाईत आजही शब्दांमध्ये जागा नसते. जुन्या ग्रंथांत तर विरामचिन्हेही नसत. वाक्य कुठे थांबते हे उमगणे हाच विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भाग होता. हू श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला आणि १९२० साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने नवी विरामचिन्हे लागू केली. वाक्ये सुटी झाली, शब्द चिकटलेलेच राहिले. पण वाचणाऱ्याचे काही अडत नव्हते, अर्थावरून तो आपोआप तोडत जाई.

अडले ते संगणकाचे. जपानी किमोनोला चिनीत म्हणतात ‘हफू’. यातले ‘ह’ हे अक्षर ‘आणि’ या अर्थानेही येते, आणि सेवेला शब्द आहे ‘फूवू’. ‘उत्पादने आणि सेवा’ असे सलग लिहिले, की मधल्या मध्ये ‘हफू’ तयार होतो! नुसती अक्षरे जुळवणाऱ्या सर्च इंजिनकडे किमोनो मागा, ते कंपन्यांच्या जाहिराती पुढ्यात टाकील. सलग दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करून नोंद ठेवण्याची एक सोपी युक्ती आहे, पण इथे तीही फसते.

मग शब्द तोडायला यंत्राला शिकवायचे कसे? बीजिंगच्या विमानविद्या संस्थेत ल्यांग नानयुआन यांनी १९८०च्या दशकात शब्दकोशाचा आधार घेतला. ओळीच्या सुरुवातीपासून कोशात सापडेल तो सर्वांत लांब शब्द उचलायचा, मग उरलेल्यातून पुढचा. छान चालते, पण नानजिंगचा पूल येईपर्यंत. यांगत्से नदीवर १९६८ साली खुला झालेला हा प्रसिद्ध पूल. यांगत्सेला चिनीत म्हणतात छांगज्यांग. ‘नानजिंग शहर, छांगज्यांग महापूल’ ही अक्षरे डावीकडून तोडली, तर ‘नानजिंगचे महापौर ज्यांग दाछ्याओ’ असे एक गृहस्थ जन्माला येतात. शेवटाकडून उलटे तोडत आलात तर पूल शाबूत राहतो. म्हणून पुष्कळांनी उलटी दिशा धरली. पुढे कोणता शब्द किती वेळा येतो, कोणाशेजारी येतो, याचे गणित मांडून अधिक संभवनीय तोड निवडणे सुरू झाले.

मला स्वतःला मोठा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे. बरोबर तोड कोणती, हे सांगणार कोण? चीनने १९९२ साली यासाठी राष्ट्रीय मानक काढले. पण बेल लॅबोरेटरीजच्या रिचर्ड स्प्रोट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मातृभाषा चिनी असलेल्या माणसांनाच वाक्ये तोडायला दिली, तर त्यांचे आपसात जेमतेम तीन चतुर्थांश जुळले. २००३ साली जपानमध्ये साप्पोरोला या प्रणालींची स्पर्धा झाली. तिथे बीजिंग, तैपेई, हाँगकाँग आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया अशी चार ठिकाणची तोडलेली पाने कसोटीला ठेवावी लागली. चौघांचे नियम चार. यंत्राची चूक मोजायची ती कोणाच्या फूटपट्टीने?

आमच्या कागदाचे म्हणाल, तर त्या गृहस्थांनी ‘तीन आली’ असे वाचले. चुलत्यांनी दुसरे वाचक आणले. त्यांनी ‘ती न आली’ असे वाचले. दावा अजून चालू आहे.