बर्लिनची गोष्ट आणि अंबादेवीचं दार

परवा माझा पुतण्या सुट्टीवर अकोल्याला आला होता. तो जपानात साप्पोरोला नोकरी करतो. जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि आम्ही सगळे फोटो बघत बसलो. माकोमानाईचं बर्फावरच्या खेळांचं स्टेडियम, 1878 सालचा घड्याळाचा मनोरा, ओदोरी बाग. ह्याच माकोमानाईत 1972 च्या हिवाळी ऑलिंपिकचं फिगर स्केटिंग झालं. आशियातलं ते पहिलं हिवाळी ऑलिंपिक.

फोटो संपल्यावर तो म्हणाला, "काका, तिकडचे मित्र आले तर त्यांना आपल्याकडे काय दाखवू?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी अमरावतीला चल."

मूर्तिजापूरमार्गे निघालो आणि सकाळीच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर पोचलो. पोरं मल्लखांबावर चढत होती. अंबादासपंत आणि अनंत ह्या वैद्य बंधूंनी 1914 साली ही संस्था सुरू केली. बर्फ नाही, काच नाही. माती, तेल आणि घाम, एवढंच. पण इथली मुलं 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेली होती. स्पर्धेत उतरायला नव्हे, तर कबड्डी, मल्लखांब असे आपले देशी खेळ करून दाखवायला.

ही गोष्ट मी लहानपणी आजोबांकडून दहा वेळा तरी ऐकली असेल. त्यांनी मंडळाच्या उन्हाळी शिबिरात लाठी शिकून घेतली होती. "आपले पोट्टे बर्लिनले जाऊन आले, बाप्पा!" असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. हिटलरने दिलेल्या पदकाचा किस्सा तर ते हमखास सांगायचे.

पुतण्याने वेगळंच काहीतरी सांगितलं. त्याच बर्लिनमध्ये, खेळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, म्हणजे 31 जुलै 1936 ला, 1940 चं ऑलिंपिक टोकियोला द्यायचं ठरलं. हिवाळी खेळ नंतर साप्पोरोच्या वाट्याला आले. पण चीनशी युद्ध पेटलं आणि 1938 मध्ये जपानने दोन्ही खेळ सोडून दिले. साप्पोरोला 1972 पर्यंत थांबावं लागलं.

मग त्याने मला ग्रेटेल बर्गमन ह्या जर्मन मुलीबद्दल सांगितलं. उंच उडी मारायची. जून 1936 मध्ये तिने 1.60 मीटर उडी मारून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. तरी खेळांच्या दोन आठवडे आधी तिला संघातून वगळलं. कारण एकच, ती ज्यू होती.

"म्हणजे काका, आपली मुलं पाहुणी म्हणून आत गेली आणि ती घरची असून बाहेर."

मी गप्प बसलो. आजोबांच्या गोष्टीत ही मुलगी कधी आलीच नव्हती.

तिथून आम्ही अंबादेवीला गेलो. पेंढाऱ्यांच्या धास्तीने निजामाच्या राजवटीत बांधलेल्या परकोटाच्या एका दरवाजाला अंबागेट म्हणतात, ते ह्याच देवीवरून. शेजारी एकवीरा देवी. दर्शन झालं, बाहेर येऊन प्रसाद खाल्ला, आणि मला उगाच आठवलं की हे दारही सगळ्यांना उघडं नव्हतं. अस्पृश्यांना आत जाता यावं म्हणून इथे सत्याग्रह उभा राहिला. 13 नोव्हेंबर 1927 ला इंद्रभुवन थिएटरमध्ये परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. आदल्याच दिवशी त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारले होते. ती बातमी त्यांना इथे अमरावतीत कळली. ह्या लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुख पुढे होते. आमच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला नाव आहे ते त्यांचंच.

त्या वर्षी आजोबा अमरावतीतच शाळेत होते. बर्लिनची गोष्ट दहा वेळा सांगणारा माणूस ह्याबद्दल अवाक्षर का बोलला नाही?

रात्री आत्याला फोन केला. आधी ती टाळत होती. मग म्हणाली, "बाबा मामांकडे राहत होते ना रे शिकायला. मामा मंदिर उघडू नये म्हणणाऱ्यांतले. परिषदेला गेलास तर घरात पाऊल ठेवू नकोस म्हणाले. बाबांच्या वर्गातली दोन मुलं गेली. बाबा नाही गेले."

"तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"शेवटच्या आजारपणात. एकदाच."

पंधरा वर्षांचा मुलगा, दुसऱ्याच्या घरी जेवणारा. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण आजोबा लाठी शिकले होते, आणि त्या दिवशी ती त्यांच्या काही कामाला आली नाही, हेही खरंच.

असो. पुतण्या परत गेला. मित्र आले की त्यांना मंडळ दाखवायचं आणि अंबादेवीही, असं त्याने ठरवलंय. दोन्ही गोष्टी सांगायच्या, एक गाळून दुसरी नाही.

नातेवाईक मंडळी हे वाचतात म्हणून मुद्दाम लिहितो आहे. आत्या आता शहाऐंशी वर्षांची आहे. मामांच्या घराबद्दल आणखी कुणाला काही माहीत असेल तर कळवा. मी पुढच्या महिन्यात वही घेऊन तिच्याकडे जाणार आहे.