चिखलदऱ्याच्या घाटात गाडी लागते? मग क्रूझ बुक करण्याआधी 'बोट लागणं' म्हणजे काय ते समजून घ्या

परतवाडा सोडलं की एसटीत चुळबुळ सुरू होते. कुणी खिडकी सरकवतं, कुणी पिशवीतून लिंबू काढून हुंगतं, कुणी पोराला मागच्या सीटवरून उचलून पुढे आणतं. चिखलदरा तिथून तीसेक किलोमीटर, पण रस्ता वळणावळणाचा आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर नेणारा. अमरावती-अकोल्याकडच्या बहुतेक घरांत एक तरी माणूस असा असतोच, ज्याच्याबद्दल आधीच सांगून ठेवलेलं असतं, "याले गाडी लागते, याले समोर बसू द्या."

आता हाच माणूस क्रूझवर निघालाय. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' सुरू झाली आणि क्रूझ म्हणजे फक्त सिनेमात दिसणारी गोष्ट राहिली नाही. अकरा डेकचं, दोनशे मीटरहून लांब जहाज, मुंबई ते गोवा किंवा लक्षद्वीप, दोन-चार रात्रींचं पॅकेज. इन्स्टावर सूर्यास्ताची रील दिसते, घरात चर्चा होते, दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग होतं. ज्यांनी आयुष्यात सगळ्यात मोठं पाणी ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाहिलंय, त्यांना जहाज हलतं म्हणजे किती हलतं, याचा अंदाज कुठून असणार?

मराठीत या प्रकाराला फार नेमका शब्द आहे: बोट लागणे. गाडी लागते तशीच बोट लागते. तोंडाला पाणी सुटतं, जांभया येतात, कपाळावर गार घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, मळमळतं आणि मग उलटी होते. इंग्रजीतला 'नॉशिया' हा मळमळीचा शब्दही मुळात जहाजावरूनच आलाय. ग्रीक भाषेत 'नाउस' म्हणजे जहाज.

दोष पोटाचा नाही, कानाचा

उलटी होते म्हणून आपण पोटाला दोष देतो. "काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल," हा घरातला ठरलेला निकाल. पण भांडण चालू असतं ते मेंदूत.

आपल्या कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडे, शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांतला द्रव डोकं कुठे वळलं ते सांगतात. शेजारीच कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते आपण वर चाललोय की खाली, पुढे की मागे, हे सांगतात. ही माहिती सतत मेंदूकडे जाते. डोळ्यांनी पाहिलेलं आणि पायांना, स्नायूंना जाणवलेलंही तिथेच पोहोचतं. एरवी सगळ्यांची साक्ष जुळते.

जहाजाच्या बंद केबिनमध्ये ती जुळत नाही. भिंत, पलंग, टीव्ही सगळं जागच्या जागी दिसतं. डोळे म्हणतात, आपण स्थिर आहोत. कान म्हणतो, आपण वर-खाली होतोय. मेंदूचा गोंधळ उडतो आणि त्याचा शेवट उलटीत होतो. मेंदू याला विषबाधा का समजत असावा, यावर शास्त्रज्ञांचे वेगवेगळे तर्क आहेत, पण कानाशिवाय हा त्रास होत नाही, हे मात्र पक्कं ठाऊक आहे.

ते कसं कळलं, याचा किस्सा भारी आहे. अंतराळवीरांना होणारा असाच त्रास समजून घ्यायला अमेरिकन नौदल आणि नासाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे काही वर्षं गॅलॉडेट कॉलेजमधल्या अकरा कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग केले. यातल्या बहुतेकांना लहानपणी मेंदूज्वर झाला होता आणि त्यात आतल्या कानाची तोल सांभाळणारी यंत्रणाच निकामी झाली होती. एका प्रयोगासाठी त्यांना कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. हे लोक निवांत पत्ते खेळत बसले आणि त्यांचा अभ्यास करायला आलेल्या संशोधकांचीच अवस्था वाईट झाली.

म्हणजे बोट लागणं हा नाजूकपणा नाही. उलट कानाची यंत्रणा शाबूत असल्याचाच तो पुरावा आहे. ब्रिटिश नौदलाचा सगळ्यात नावाजलेला सेनापती नेल्सन यालाही आयुष्यभर बोट लागायची. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावर १८३१ ते १८३६ फिरला आणि समुद्रात असताना त्याला हा त्रास होतच राहिला. त्यामुळे घाटात ओकणाऱ्या भावाला हसायचं काही कारण नाही.

घाटात त्रास होतो, मग बोटीवर होईलच का?

शक्यता जास्त आहे. कुठल्याही वाहनात त्रास होण्याचा पूर्वानुभव हा पुढच्या त्रासाचा चांगला अंदाज देतो. त्या अर्थाने परतवाडा-चिखलदरा रस्ता ही वऱ्हाडातली फुकटातली चाचणी समजा. सगळ्यात मागच्या सीटवर बसून, मोबाईल पाहत जो आरामात वर पोहोचतो, त्याला समुद्रातही सहसा फार काळजी नसते. दोन ते बारा वर्षांची मुलं, गरोदर बायका, मायग्रेन असणारे, यांना त्रास जास्त होतो. पाळी सुरू असतानाही तो वाढू शकतो. दोन वर्षांखालच्या बाळांना मात्र सहसा होत नाही.

पण घाट आणि समुद्र यात एक फरक आहे. घाटात शरीर डावी-उजवीकडे फेकलं जातं, समुद्रात ते वर-खाली होतं. संशोधनात असं दिसलंय की साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी संथ हालचाल सगळ्यात जास्त मळमळ आणते. जोरात हादरे देणारी जीप परवडली, पण पाळण्यासारखं हळू झुलणारं जहाज नको, अशी काहींची गत होते ती यामुळे. मोठ्या क्रूझच्या तळाशी पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते बाजूचं डोलणं बरंच कमी करतात, पुढून-मागून वर-खाली होणं तितकं थांबवू शकत नाहीत.

दुसरा फरक ड्रायव्हरचा. ज्याला गाडी लागते तोच माणूस स्वतः स्टिअरिंगवर बसला तर ठणठणीत असतो, कारण पुढचं वळण त्याला आधी कळतं. जहाजावर ही सोय नाही. त्यातल्या त्यात जवळचा उपाय म्हणजे डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत राहणं. क्षितिज हलत नाही, आपण हलतोय हे डोळ्यांनाही दिसतं आणि डोळे-कान यांचं भांडण मिटायला लागतं.

दोन रात्रींच्या ट्रिपची खरी अडचण

शरीर या हालचालीला सरावतं. बहुतेकांना दोन-तीन दिवस लागतात. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये टिळकांच्या अपिलासाठी विलायतेला गेले, पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये शिकायला गेले. तेव्हा मुंबईहून इंग्लंडला जायला बोटीने दोन-तीन आठवडे लागायचे. अशा प्रवासात पहिले तीन दिवस वाईट गेले तरी पुढे सवय होऊन जायची.

आजची वीकेंड क्रूझ दोन रात्रींची. म्हणजे शरीर सरावतंय तोवर उतरायची वेळ. वर्षभर पैसे साठवायचे आणि आईने दोन्ही दिवस केबिनमध्ये पिशवी धरून काढायचे, असं घडतं ते यामुळे. त्रास सुरू झाल्यावर बघू, हा विचार छोट्या ट्रिपला परवडत नाही. जे करायचं ते चढण्याआधी.

गोळी कोणती आणि कधी?

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. उलटी म्हटलं की घरातल्या डब्यातली ओन्डॅन्सेट्रॉनची गोळी बाहेर येते. ताप, जुलाब, केमोथेरपी यातल्या उलट्यांवर ते चांगलं औषध आहे. पण गाडी-बोट लागू नये म्हणून त्याचा उपयोग होत नाही, असंच अभ्यास सांगतात. कारण ते काम करतं वेगळ्या ठिकाणी. तीच गोष्ट सर्दी-ॲलर्जीच्या झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्यांची.

प्रवासासाठी उपयोगी पडतात ती जुन्या पिढीतली, थोडी झोप आणणारी औषधं: प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, सिनारिझिन. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅचही असतो. तो चढण्याच्या किमान चार तास आधी लावावा लागतो आणि तीन दिवस चालतो, पण आपल्याकडच्या मेडिकलमध्ये तो सहज मिळेल या भरवशावर राहू नका.

यातली कुठलीही गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाली की पोटाची हालचाल मंदावते, गोळी आत पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. मग "गोळी घेऊनही काही फरक पडला नाही" अशी तक्रार होते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र घेऊ नका, आणि हे सगळ्याच लेखांच्या शेवटी असतं तसलं वाक्य नाही. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, त्याने श्वास मंदावू शकतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना ही औषधं त्रासदायक ठरू शकतात. वयस्कर माणूस गुंगीत असताना डोलणाऱ्या जिन्यावर तोल जाऊन पडू शकतो. दारूसोबत तर घेऊच नये. शक्यतो घरीच, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांच्या सल्ल्याने एक गोळी घेऊन किती झोप येते ते पाहून ठेवावं.

आल्याचा फायदा काही अभ्यासांत दिसलाय, काहींत नाही. पण अपायही नाही, तेव्हा आलेपाकाच्या दोन वड्या बॅगेत टाकायला हरकत नाही. मनगटावरच्या पट्ट्यांचं आणि सीटवर वर्तमानपत्र पसरून बसण्याचं काय? पट्ट्यांचा ठोस पुरावा नाही, वर्तमानपत्राचा तर नाहीच. तरीही एखाद्याला बरं वाटतं, कारण त्रास होणारच या भीतीनेही तो वाढतो आणि ती भीती थोडी कमी होते.

केबिन, जेवण आणि आदल्या रात्रीची गाडी

बुकिंग करताना लोक वरच्या डेकची बाल्कनी मागतात. फोटोसाठी ती उत्तम. पण जहाज सी-सॉसारखं झुलतं: टोकं आणि वरचे मजले जास्त, मधला आणि खालचा भाग कमी. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन बरी. खिडकी परवडली तर अजून चांगलं. नसेल तर केबिन फक्त झोपायला वापरायची आणि दिवस डेकवर काढायचा. म्हणजे इथे महागडी खोली हीच चांगली खोली, असं नाही.

वऱ्हाडातून निघणाऱ्यांची अजून एक गोष्ट. संध्याकाळी अमरावती-मुंबई एक्सप्रेस पकडायची, रात्री शेगावला गरम कचोरी हाणायची, अर्धवट झोपेत पहाटे मुंबईत उतरायचं आणि त्याच दिवशी जहाजावर चढायचं, असा बेत अनेकजण करतात. अपुरी झोप आणि तेलकट पोट, दोन्ही मळमळीला आमंत्रण. एक दिवस आधी मुंबईत पोहोचून रात्रभर नीट झोपणं हा खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय. (कचोरी परतीच्या वाटेवरही मिळते.)

रिकामं पोटही नको. थोडं थोडं, कोरडं खावं: मुरमुरे, फुटाणे, बिस्किटं, साधी खिचडी. ठेचा, तर्री आणि बुफेतली तिसरी प्लेट दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. पाणी घोट-घोट प्या.

आणि मोबाईल. केबिनमध्ये बसून रील एडिट करणं म्हणजे डोळ्यांना स्थिर पडद्यावर बांधून कानाला झोके देणं. शूट करा, पण एडिट गोव्यात उतरून करा. मळमळ जाणवायला लागली तर लगेच मोकळ्या हवेवर या, डोकं कशाला तरी टेकवून स्थिर ठेवा, क्षितिजाकडे बघा, श्वास लांब आणि संथ घ्या. तेही जमत नसेल तर डोळे मिटून उताणे पडा. उलटी पिशवीतच करा. कठड्यावरून वाकणं धोक्याचं आहे.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे मोठं जहाज बेटाला लागत नाही, छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं आणि छोटी बोट जास्त उसळते. जहाजावर ठीक असलेल्यांनाही तिथे त्रास होऊ शकतो. महिन्याचाही फरक पडतो. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, गेटवे-मांडवा लाँचसेवाही पावसाळ्यात बंद ठेवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुलनेने शांत काळ. आणि मुंबईत एक दिवस हाताशी असेल तर आधी गेटवेहून घारापुरीला लाँचने जाऊन या. तासाभराच्या फेरीत स्वतःबद्दल बरंच कळतं.

उलट्या थांबतच नसतील, पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा इन्सुलिन, शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याला जेवणच जात नसेल, तर वाट न बघता जहाजावरच्या डॉक्टरांकडे जा. तिथली तपासणी सहसा पॅकेजमध्ये धरलेली नसते, तेव्हा पैसे बाजूला ठेवा.

घरी परतल्यावर अकोल्यातल्या न्हाणीघरात उभं असताना फरशी हलल्यासारखी वाटली तर घाबरू नका. सरावलेला मेंदू जमिनीवरही लाटा धरून चाललेला असतो. बहुतेकांचं हे डोलणं एक-दोन दिवसांत थांबतं. महिनाभर टिकलं तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं लागेल.